प्रश्न वाचकांचे : साथ ओसरल्यावर या यंत्रांचे काय?

कोविडच्या काळात उभी राहिलेली यंत्रे आणि तेव्हा शिकलेले तंत्र पुढच्या संकटात कसे उपयोगी पडेल, याविषयी गेल्या अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. ऑक्सिजनच्या प्रश्नाला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत ज्यांनी सिलेंडरसाठी रात्री-अपरात्री फोन फिरवले, त्यांना तो विषय अजून जुना झालेला वाटत नाही, आणि मलाही वाटत नाही.

प्रश्न : आमच्या भागातील रुग्णालयात 2021 मध्ये हवेतून ऑक्सिजन तयार करणारा प्लांट बसवला गेला. आता त्याच्याजवळ कोणी फिरकताना दिसत नाही. गरज नसताना तो चालवणे हा विजेचा अपव्यय ठरेल का? आणि उद्या गरज पडलीच, तर तो सुरू होईल का? (एक सेवानिवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा)

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे पहिल्याचे उत्तर आपोआप मिळेल. वर्षभर बंद राहिलेला प्लांट बटण दाबताच रुग्णाला देण्याजोगा ऑक्सिजन देईल, अशी खात्री कोणीही देऊ नये.

हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन, 21 टक्के ऑक्सिजन आणि एक टक्क्याच्या आत आर्गॉन असतो. प्लांटमधील कॉम्प्रेसर ही हवा दाबतो, ड्रायर आणि फिल्टर तिच्यातील पाणी व तेलाचा अंश काढून टाकतात, आणि मग ती झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाचे दाणे भरलेल्या दोन उभ्या टाक्यांपैकी एकीत शिरते. दाबाखाली झिओलाइट नायट्रोजनला धरून ठेवते आणि ऑक्सिजन पुढे निघून जातो. थोड्या वेळाने झडपा फिरतात, दुसरी टाकी कामाला लागते, आणि पहिलीतील दाब सोडून अडकलेला नायट्रोजन बाहेर टाकला जातो. आर्गॉन मात्र ऑक्सिजनबरोबरच राहतो, त्यामुळे या पद्धतीने साधारण 93 टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळतो आणि उपचारासाठी तो पुरेसा असतो.

आता यातील नाजूक जागा पाहा. झिओलाइटला नायट्रोजनपेक्षाही पाण्याची ओढ अधिक असते. ड्रायर नीट चालत नसेल किंवा साचलेले पाणी वेळेवर सोडले गेले नसेल, तर आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत दाण्यांची छिद्रे पाण्याने भरतात आणि शुद्धता हळूहळू घसरते. सतत उघडझाप करणाऱ्या झडपांचे सील बंद अवस्थेत ताठर होतात. शुद्धता मोजणाऱ्या सेन्सरचे आयुष्यही प्लांट बंद असताना संपतच असते. म्हणून आठवड्यातून काही तास प्लांट भारावर, म्हणजे प्रत्यक्ष ऑक्सिजन काढत, चालवणे आणि दर वेळी शुद्धता, दाब, हवेचा कोरडेपणा व चाललेले तास एवढ्या चार नोंदी वहीत करणे, हा खर्च मी विम्याच्या हप्त्यासारखा मानतो. शिवाय नवजात बालके, न्यूमोनियाचे रुग्ण, अपघातग्रस्त आणि शस्त्रक्रियेचे रुग्ण यांना ऑक्सिजन साथ नसतानाही लागतोच. प्लांटचा ऑक्सिजन त्यांच्या वाहिनीत सोडला, तर बाहेरून भरून आणाव्या लागणाऱ्या सिलेंडरचे पैसेही वाचतात.

प्लांट किती रुग्णांना पुरेल, हा हिशेब गावातील प्रत्येक जाणत्या माणसाला करता यावा, असे मला मनापासून वाटते. मिनिटाला 500 लिटर देणारा प्लांट मिनिटाला 5 लिटर लागणाऱ्या 100 रुग्णांना पुरतो. पण नाकातून मोठ्या प्रवाहाने ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावरील रुग्णाला मिनिटाला 50 लिटरही लागू शकतात, आणि मग तोच प्लांट दहाच रुग्णांचा होतो. जम्बो सिलेंडरमध्ये सुमारे 7,000 लिटर वायू मावतो, म्हणजे मिनिटाला 10 लिटर घेणाऱ्या एका रुग्णाला तो बारा तासही पुरत नाही. या आकड्यांची जाण नसल्यामुळे 2021 मध्ये अनेक ठिकाणी खाटा वाढवल्या गेल्या आणि त्या खाटांना लागणारा वायू मागे राहिला.

त्या वेळी देशापुढची मोठी अडचण वाहतुकीची होती. द्रव ऑक्सिजन उणे 183 अंश सेल्सिअसला उकळतो, त्याला खास बनावटीचेच टँकर लागतात, आणि एक लिटर द्रवापासून साधारण 860 लिटर वायू होतो. पोलाद कारखान्यांकडे हा द्रव होता, पण तो तेथून शेकडो किलोमीटर दूरच्या रुग्णालयांपर्यंत आणायला पुरेसे टँकर नव्हते. म्हणून नायट्रोजन आणि आर्गॉनचे टँकर या कामाला लावले गेले, आणि कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवावे लागले. त्याच दिवसांत मुंबईच्या आयआयटीतील अभियंत्यांनी नायट्रोजन तयार करणाऱ्या प्लांटमधील कार्बनच्या दाण्यांच्या जागी झिओलाइट भरून त्यातून ऑक्सिजन काढून दाखवला, आणि संरक्षण संशोधन संस्थेने तेजस विमानातील वैमानिकासाठी विकसित केलेले तंत्र रुग्णालयांच्या प्लांटसाठी दिले. मला यातील नायट्रोजनची गोष्ट अधिक मोलाची वाटते, कारण असे प्लांट औद्योगिक वसाहतींमध्ये आजही चालू आहेत. आपल्या जिल्ह्यात ते कोठे आहेत, किती क्षमतेचे आहेत आणि ते बदलून घ्यायला कोण येऊ शकेल, याची यादी शांततेच्या काळातच करून ठेवता येते.

एक गोष्ट राहिली. वीज गेली की असा प्लांट थांबतो. त्यामुळे त्याच्या जोडीला जनरेटर हवा आणि वाहिनीला जोडलेली भरलेल्या सिलेंडरची रांगही हवी. 27 डिसेंबर 2022 रोजी आणि पुन्हा एप्रिल 2023 मध्ये देशभरातील रुग्णालयांत तयारीची रंगीत तालीम झाली. तशी तालीम दर तीन महिन्यांनी, मुख्य स्विच प्रत्यक्ष बंद करून घ्यावी. तुम्ही शिक्षक आहात, तुमच्या शब्दाला गावात वजन असेल. रुग्ण कल्याण समितीकडे प्लांटची नोंदवही पाहायला मागा. वही भरलेली असेल, तर प्लांट चालेल.

प्रश्न : माझ्या वर्गात पन्नास मुले बसतात. साथीच्या काळात आम्ही खिडक्या उघड्या ठेवत होतो, आता थंडीत आणि पावसात त्या बंदच असतात. हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे का? (एक शिक्षिका, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : यंत्रापूर्वी खिडक्यांचा हिशेब करू. तुमचा वर्ग साडेसात मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच आहे असे धरले, तर त्यात सुमारे 157 घनमीटर हवा मावते. जागतिक आरोग्य संघटनेने राहती घरे सोडून इतर सामान्य इमारतींसाठी माणशी सेकंदाला 10 लिटर ताजी हवा सुचवली आहे. पन्नास मुलांसाठी ती सेकंदाला 500 लिटर, म्हणजेच तासाला 1,800 घनमीटर होते, आणि त्यासाठी वर्गातील सगळी हवा तासाला अकरा-बारा वेळा बदलावी लागते. आकडा मोठा वाटतो, पण समोरासमोरच्या भिंतींत प्रत्येकी एक चौरस मीटर खिडकी उघडी असेल आणि बाहेर सेकंदाला एक मीटर इतकी मंद झुळूक खिडकीच्या दिशेने असेल, तरी एवढी हवा खेळते. एकाच बाजूच्या चारही खिडक्या उघडल्या आणि समोरचा दरवाजा लावून घेतला, तर मात्र तो लाभ होत नाही. हवेला आत यायला जशी वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते.

छताचा पंखा हवा फिरवतो, बदलत नाही, हे मुलांनाही सांगावे. पावसात किंवा कडाक्याच्या थंडीत वरचे झरोके उघडे ठेवून एका भिंतीत हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याच्यावर लिहिलेली तासाला घनमीटरची क्षमता वरच्या 1,800 शी ताडून पाहा आणि एक कमी पडला तर दोन लावा.

हवा पुरेशी बदलते की नाही, हे कार्बन डायऑक्साइड मोजून कळते. बाहेरच्या हवेत तो दशलक्ष भागांत सुमारे 420 भाग असतो आणि आपल्या उच्छ्वासात चार टक्क्यांच्या आसपास. वर्गात आकडा 800 ते 1,000 च्या वर राहू लागला, की मुले एकमेकांचा उच्छ्वास आत घेत आहेत असे समजावे. मापक घेताना मात्र तो अवरक्त किरणांनी मोजणारा आहे याची खात्री करा. बाजारातील अनेक स्वस्त मापके कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, ती इतर वासांवरून अंदाज बांधतात, आणि वर्गात फडका फिरवला तरी त्यांचा आकडा उडतो. शाळेने असा एक चांगला मापक घेऊन तो आठवडाभर एकेका वर्गात फिरवला, तरी कोणत्या खोलीला पंखा हवा हे कळेल. विज्ञानाच्या तासाला यापेक्षा चांगला प्रयोग मला सुचत नाही.

खिडक्या उघडणे खरोखरच अशक्य असलेल्या खोलीतच गाळणी असलेले यंत्र घ्यावे. ते विषाणूचे कण गाळते, पण कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही, हे ध्यानात ठेवावे. आणि हा सारा खटाटोप कोविडपुरता नाही. क्षयरोगही हवेतूनच पसरतो. सांगली आणि मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला एके काळी क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते. औषधे नव्हती त्या काळी अशा आरोग्यधामांची सारी भिस्त मोकळ्या हवेवर असे, आणि रुंद व्हरांडे व समोरासमोरच्या खिडक्या हीच त्यांची यंत्रसामग्री होती. आज शाळा बांधताना ते आपण विसरतो, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : आमच्या मंगल कार्यालयाच्या दारात 2020 मध्ये बसवलेला फवारणीचा बोगदा अजून आहे. तो दुरुस्त करून ठेवावा का? (कार्यालयाचे चालक, सातारा)

उत्तर : ठेवू नये. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नये, अशी स्पष्ट सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 18 एप्रिल 2020 रोजीच दिली होती. श्वासातून पसरणारा विषाणू कपड्यांवरच्या फवाऱ्याने अडत नाही, आणि क्लोरीनयुक्त द्रावणाने डोळ्यांना व घशाला इजा होते. त्याच्या दुरुस्तीचे पैसे सभागृहाच्या एक्झॉस्ट पंख्यांवर घाला.

प्रश्न : कुपवाडला माझे छोटे मशीन शॉप आहे. दोन सीएनसी (संगणकाने चालणारी यंत्रे) आणि तीन लेथ आहेत, आणि सगळे काम वाहन उद्योगाच्या सुट्या भागांचे आहे. टाळेबंदीत दोन महिने एकही ऑर्डर नव्हती. वैद्यकीय उपकरणांचे भाग करावेत असा विचार आहे. कोठून सुरुवात करावी? (एक कारखानदार)

उत्तर : तुमचा अनुभव एकट्याचा नाही. एप्रिल 2020 मध्ये देशांतर्गत बाजारात मोटार कंपन्यांची विक्री शून्यावर आली होती, आणि एकाच उद्योगावर उभ्या असलेल्या जॉबवर्कच्या साखळीतला प्रत्येक दुवा त्या दिवशी थांबला. काम दोन-तीन क्षेत्रांत विभागून घ्यावे हा तुमचा विचार योग्यच आहे. मात्र वैद्यकीय भाग म्हणजे तोच लेथ आणि निराळे ड्रॉइंग, असे समजून कृपया पुढे जाऊ नका.

एकच उदाहरण देतो. ऑक्सिजनच्या वाहिनीचा पितळी कनेक्टर तुमच्या लेथवर मायक्रॉनच्या अचूकतेने होईल. पण त्याच्या आट्यांमध्ये कटिंग ऑइलचा नुसता ओशटपणा राहिला आणि वरून जास्त दाबाचा ऑक्सिजन झपकन आला, तर ते तेल पेट घेऊ शकते. म्हणून अशा भागांसाठी तेल पूर्णपणे काढणारी धुलाई, ती तपासण्याची पद्धत, वेगळी स्वच्छ जागा, हातमोजे आणि बंद पिशवीतील पॅकिंग लागते. ही शिस्त यंत्रापेक्षा अवघड आहे, कारण ती रोजच्या पाळीत प्रत्येक कामगाराला पाळावी लागते.

कायद्याची बाजूही पाहा. 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार उपकरणांचे जोखमीप्रमाणे चार वर्ग आहेत. कमी जोखमीच्या दोन वर्गांना (काही अगदी साधी उपकरणे वगळता) 1 ऑक्टोबर 2022 पासून आणि अधिक जोखमीच्या दोन वर्गांना 1 ऑक्टोबर 2023 पासून परवाना सक्तीचा झाला आहे. तुम्ही परवानाधारक उत्पादकाला नुसते भाग पुरवणार असलात, तरी तो तुमच्याकडे कच्च्या मालाचे टेस्ट सर्टिफिकेट आणि प्रत्येक लॉटचा माग मागणारच. वाहन उद्योगामुळे लॉटच्या नोंदी ठेवायची सवय तुम्हाला आहे, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे.

माझा सल्ला असा, की पहिले वर्ष रुग्णाच्या शरीराशी किंवा श्वासाशी थेट संबंध न येणाऱ्या वस्तूंना द्यावे : सिलेंडरच्या ट्रॉल्या, खाटांचे सांधे, सलाइनचे स्टँड, कॉम्प्रेसरच्या फिल्टरची बाहेरची आवरणे. त्याच काळात शेजारच्या चार-पाच शॉपनी मिळून एक काम करावे. मिरजेतील रुग्णालयांत कोणत्या यंत्रांचे कोणते भाग वारंवार मोडतात आणि ते यायला किती आठवडे लागतात, हे तेथील तंत्रज्ञांना विचारून लिहून काढावे. मार्च 2020 मध्ये इटलीतील ब्रेशिया भागातल्या एका रुग्णालयातील श्वसनयंत्राच्या झडपा संपल्या, तेव्हा जवळच्या एका छोट्या कंपनीने त्या मोजून त्रिमितीय छपाईने काही तासांत नमुना करून दिला. हे घडले कारण रुग्णालय आणि कारखाना एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते. मिरजेला 1894 पासून चालत आलेली रुग्णसेवेची परंपरा, 1910 पासून किर्लोस्करवाडीची कारखानदारी, आणि मधे कुपवाडची वसाहत, एवढे सारे एका तासाच्या अंतरात असताना या लोकांची एकत्र बैठक का होऊ नये, हे मला आजवर समजलेले नाही.

प्रश्न : आमचे छोटे रुग्णालय सांगलीच्या जुन्या भागात आहे. 2021 च्या जुलैमध्ये कोविडचे रुग्ण असतानाच पूर आला. अशा दुहेरी संकटासाठी काय करावे? पाटणकडचे एक स्नेही म्हणतात, की आता ड्रोनने औषधे येतील. (एक डॉक्टर)

उत्तर : आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले आणि 2021 मध्ये पुन्हा 50 फुटांच्या पुढे. पुलावरचा आकडा तुमच्या इमारतीला थेट लागू होत नाही, म्हणून 2019 चे पाणी तुमच्या भिंतीवर कोठवर आले होते ती खूण पक्क्या रंगाने काढून घ्या. विजेचे मुख्य पॅनेल, जनरेटर, ऑक्सिजन सिलेंडरची जोडणी आणि लसीचा फ्रीज, या चार गोष्टी त्या खुणेच्या किमान दोन-तीन फूट वर असल्या पाहिजेत. तळघरातील जनरेटर पुरात सर्वांत आधी बुडतो, आणि नेमकी त्याच वेळी त्याची गरज असते. डिझेलची टाकी रिकामी असेल तर ती पाण्यावर तरंगून जोडणी तोडते, म्हणून तिला पट्ट्यांनी जखडा.

लसीसाठी बर्फाचे अस्तर असलेला फ्रीज घ्या. वीज गेल्यावरही तो बराच काळ 2 ते 8 अंश टिकवून धरतो. लस हलवताना डीप फ्रीझरमधील बर्फाच्या पिशव्या थेट डब्यात ठेवू नका, त्या घाम येईपर्यंत बाहेर ठेवा, कारण काही लसी उष्णतेपेक्षा गोठण्याने लवकर निकामी होतात.

ड्रोनने लस पोहोचवण्याचे प्रयोग तेलंगणात विकाराबादला सप्टेंबर 2021 मध्ये झाले आणि ते चांगलेच होते. पण पाटणकडे, कोयनेच्या खोऱ्यात, रस्ते तुटतात ते मुसळधार पाऊस, वारा आणि धुके असताना, म्हणजे छोट्या ड्रोनला उडणे सर्वांत कठीण असते तेव्हा. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या, त्या दिवसांचे आकाश आठवून पाहावे. तेथे मेअखेरीस दीड-दोन महिन्यांचा औषधसाठा वाड्या-वस्त्यांजवळच्या उपकेंद्रात नेऊन ठेवणे अधिक भरवशाचे आहे. पाऊस उघडल्यावर ड्रोन जरूर वापरावेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात शिकते. साथीशी संबंधित असा प्रकल्प करायचा आहे, जो नंतर कपाटात पडून राहणार नाही. (एक विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : सांडपाण्याचा नमुना घेणारे यंत्र करून पाहा. अनेक संसर्गजन्य रोगांचे जंतू किंवा त्यांचे अंश, लक्षणे दिसण्यापूर्वीच आणि लक्षणे न दिसणाऱ्यांच्याही विष्ठेतून बाहेर पडतात, त्यामुळे गटाराचे पाणी तपासले तर वस्तीतील साथीची चाहूल दवाखान्यातील गर्दीच्या आधी लागू शकते. पोलिओसाठी मुंबईत अशी तपासणी 2001 पासून होत आली आहे आणि कोविडमध्ये ती अनेक शहरांनी केली. प्रयोगशाळेचे काम तज्ज्ञ करतील. अडचण नमुन्याची असते. सकाळी एकदा बाटली बुडवून आणलेले पाणी पूर्ण दिवसाचे चित्र दाखवत नाही, आणि दर तासाला थोडे थोडे पाणी घेऊन ते थंड ठेवणारी परदेशी यंत्रे छोट्या नगरपालिकांना परवडत नाहीत.

तुमच्या यंत्रात एक छोटा नळी दाबून चालणारा पंप, वेळ पाळणारा नियंत्रक, बॅटरी आणि नमुना 4 अंशांच्या आसपास चोवीस तास ठेवणारा डबा असेल. खरी परीक्षा नळीच्या तोंडाशी आहे, कारण चिंध्या, केस आणि प्लास्टिक तेथे अडकतात, म्हणून दर वेळी पंप उलटा फिरवून नळी मोकळी करण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. मॅनहोलमध्ये कोणीही उतरू नये. झाकणाच्या कडीला टांगून वरूनच काढता येईल असे वजन आणि आकार ठरवा. आधी वसतिगृहाच्या गटारावर पंधरा दिवस सलग चालवा, ते किती वेळा तुंबले ते लिहा, आणि मग ती नोंद घेऊन नगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे जा.